मांडवी ओलांडायची कशी?

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न विचारतो. पणजी शहर कुठं आहे?

"गोव्यात!" तुम्ही सगळे एका सुरात ओरडाल. बरोबर. पण पणजी एका बेटावर आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? नाही ना? मग काढा बघू नकाशा! पणजीच्या उत्तरेला मांडवी नदी आहे. दक्षिणेला झुआरी नदी. पश्चिमेला अरबी समुद्र. राहिली पूर्व दिशा. तिथं जरा डोळे बारीक करून बघा. मांडवी आणि झुआरी या दोघींना जोडणारी पाण्याची एक नागमोडी रेघ दिसेल. ही कुंभारजुव्याची खाडी. झालं! चारी बाजूंनी पाणीच पाणी. या बेटाचं नाव तिसवाडी. पूर्वी इथं तीस वाड्या, म्हणजे तीस गावं होती, म्हणून तिसवाडी.

म्हणजे बघा, पणजीला तुम्ही कुठूनही या, वाटेत पाणी आडवं येणारच. विमानानं आलात तरी सुटका नाही. दाबोळीचा विमानतळ झुआरीच्या पलीकडे आणि २०२३ साली सुरू झालेला मोपाचा विमानतळ मांडवीच्या पलीकडे. कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन बेटावर आहे खरं, पण तिथवर यायला बिचाऱ्या गाडीलाही पुलावरूनच यावं लागतं!

आपण मात्र आज रस्त्यानं जाऊ. मुंबईहून पनवेल, महाड, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी असं करत पत्रादेवीपाशी आपण गोव्यात शिरतो. हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६. तुमच्या आईबाबांच्या तोंडी कदाचित जुनाच १७ हा क्रमांक असेल. मग म्हापसा येतं, पर्वरीचं पठार येतं, आणि तिथून रस्ता उतरायला लागला की एकदम समोर मांडवी! तिचं रुंद पात्र, पलीकडे पणजीची पांढरी घरं, आणि मध्ये एक सोडून तीन-तीन पूल. पहिल्यांदा बघणारा माणूस विचारतोच, "अहो, एका नदीवर एकाच जागी तीन पूल कशाला?"

त्याचीच तर गोष्ट सांगायची आहे.

आधी नदीची ओळख करून घेऊ. मांडवीचं माहेरचं नाव म्हादई. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या जंगलात ती जन्मते आणि सत्तरी तालुक्यातून गोव्यात उतरते. तुम्ही चित्रात बघितलेला दूधसागर धबधबा आहे ना, त्याचं पाणीसुद्धा शेवटी हिलाच मिळतं. नदीची सगळी लांबी फक्त ८० किलोमीटरच्या आसपास. आपल्या गोदावरीपुढे अगदीच चिमुकली! पण गोव्याच्या दृष्टीनं ही मोठी नदी. शिवाय तिच्या अंगात एक खोड आहे, ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढं तिचं काम पडणार आहे. दिवसातून दोनदा भरतीचं खारं पाणी समुद्रातून नदीत घुसतं आणि कितीतरी किलोमीटर आतपर्यंत जातं. पणजीपाशी तुम्ही मांडवीचं पाणी जिभेवर ठेवलंत तर ते खारट लागेल. (ठेवू नका! माझ्यावर विश्वास ठेवा.)

या नदीवर पणजीपाशी पूर्वी पूलच नव्हता. पोर्तुगिजांनी गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलं, पण इथं पूल काही बांधला नाही. लोक होडीनं जात. पुढं मोटारीच्या लाँच आल्या, त्यांना जुनी माणसं चक्क 'गॅसोलीन' म्हणत. नदीच्या उत्तर काठावर बेती नावाचं गाव आहे. तिथून बसायचं आणि पणजीला उतरायचं. गोवा मुक्त करायला आलेलं भारतीय सैन्यसुद्धा १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी याच बेतीला येऊन थांबलं होतं. समोर पणजी दिसते आहे, आणि मध्ये ही नदी! दुसऱ्या दिवशी सकाळी जवानांनी होड्यांतून नदी ओलांडली आणि पणजीवर तिरंगा फडकला.

मग १९७० साली मांडवीवर पहिला पूल झाला. नेहरू पूल. केवढा आनंद झाला असेल लोकांना, विचार करा! होडीची वाट बघायला नको, पावसाळ्यात जीव मुठीत धरायला नको. म्हापशाहून बसमध्ये बसलं की थेट पणजीत. मुंबई-गोवा महामार्ग आता खऱ्या अर्थानं जोडला गेला.

आणि १९८६ च्या जुलै महिन्याच्या ५ तारखेला हा पूल नदीत कोसळला.

सोळा वर्षं! तुमच्यातल्या दहावीच्या मुलांएवढंच त्याचं वय. पूल म्हटलं की आपल्या डोक्यात शंभर वर्षांचा आकडा असतो. आजोबांनी बघितलेला पूल नातवानं बघायचा, असा आपला हिशेब. आणि इथं तर सोळा वर्षांत सगळा खेळ खलास.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी पणजीला मावशीकडे निघालो होतो. सावंतवाडीहून निघालेली बस बेतीपाशी थांबली आणि कंडक्टर म्हणाला, "चला, उतरा सगळे, पुढं रस्ता नाय." राष्ट्रीय महामार्ग, आणि पुढं रस्ता नाही! ट्रंका, पिशव्या, फराळाचे डबे सांभाळत आम्ही धक्क्यावर रांगेत उभे राहिलो. फेरीबोट म्हणजे एक पसरट लोखंडी तराफाच. तिच्या पुढची मोठी फळी धक्क्यावर टेकते, त्यावरून आधी स्कूटर-मोटारी आत जातात आणि मग उरलेल्या जागेत माणसं. आमच्या शेजारी मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका होत्या, फायली छातीशी धरलेले कारकून होते, आणि गणवेशातली तीन-चार मुलंही होती. त्यातल्या एकाला मी विचारलं, "रोज असंच?" तो म्हणाला, "रोज. फेरी चुकली की पहिला तास चुकला."

नदीच्या मध्यावर आल्यावर सगळ्यांच्या माना पुलाकडे वळल्या. कुणी काही बोललं नाही. नदीच्या या काठापासून निघालेला रस्ता त्या काठाला पोचतच नव्हता.

माणसं फेरीबोटीतून जात होती, पण मालानं भरलेल्या मोठ्या गाड्यांनी काय करायचं? त्यांना नदीच्या वरच्या अंगाला जाऊन मोठा वळसा घ्यावा लागे. दवाखाना असो, कचेरी असो, बाजार असो, बार्देशातल्या माणसाला पणजीत काम म्हणजे आधी घड्याळ आणि मग फेरीचा धक्का. हे एक-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं चाललं. नवा पूल सुरू झाला तो थेट १९९२ साली. मधल्या काळात, १९८७ साली, गोवा हे वेगळं राज्यही झालं. राज्य झालं, राजधानी ठरली, आणि राजधानीच्या दाराशी पूल नव्हता!

आता मुख्य प्रश्न. पूल पडला का?

यासाठी एक प्रयोग करा. दहा-बारा पुस्तकं उभी, एकमेकांना चिकटवून ओळीत ठेवा. आता दोन्ही हातांनी दोन्ही टोकांकडून ती जोरात दाबा आणि तशीच उचला. आहे की नाही गंमत! खाली कशाचाही आधार नाही, तरी सगळी ओळ हवेत राहते. शूर असाल तर मधल्या पुस्तकांवर एक खोडरबरही ठेवून बघा. आता हात जरा सैल सोडा. धपाधप! सगळी पुस्तकं जमिनीवर.

काँक्रीटचा मोठा पूल असाच असतो. काँक्रीटला दाब सहन होतो, ताण मात्र सहन होत नाही, ते लगेच तडकतं. पुलावरून वजन गेलं की पूल किंचित वाकतो, आणि वाकला की एका बाजूला दाब आणि दुसऱ्या बाजूला ताण येतो. म्हणून इंजिनिअर लोक काय करतात, तर काँक्रीटच्या पोटात नळ्या ठेवून त्यांतून पोलादी तारांचे जुडगे ओवतात. त्या तारा यंत्रानं करकचून ताणतात आणि दोन्ही टोकांना पक्क्या अडकवून टाकतात. ताणलेल्या तारा आखडायला बघतात आणि काँक्रीटला दोन्हीकडून दाबून धरतात. म्हणजे पुस्तकं दाबणारे तुमचे दोन हातच की! याला प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट म्हणतात. नाव परदेशी असलं, तरी युक्ती आपल्या खेड्यातल्या लोहारालाही ठाऊक होती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर तो लोखंडी धाव चढवतो ना, ती आधी लालभडक तापवतो. तापली की ती फुगते, चाकावर सहज बसते. मग पाणी ओतलं की आखडते आणि सगळं चाक असं आवळून धरते की आरा हलायची बिशाद नाही!

तर मांडवीच्या पुलाच्या पोटातल्या या तारा गंजल्या होत्या.

तारा काँक्रीटच्या आत असतात, तिथं गंज पोचला कसा? इथंच मांडवीची ती खोड आठवा. खारं पाणी, खारा वारा, आणि गोव्याचा पाऊस. मीठ हा लोखंडाचा मोठा वैरी. काँक्रीट दिसायला दगडासारखं, पण त्याला बारीक बारीक छिद्रं असतात. पाणी थोडं थोडं आत झिरपतं आणि बरोबर मीठ घेऊन जातं. तारांच्या नळ्यांत सिमेंटचं पातळ मिश्रण गच्च भरून ठेवायचं असतं, म्हणजे हवा-पाण्याला आत जागा राहत नाही. ते भरताना कुठं पोकळी राहिली, की गंजाला आयतं घर मिळालं. घरातल्या खिडकीचा गज गंजला तर काही बिघडत नाही, तो जाडजूड असतो. पण या तारा पेन्सिलीहून बारीक आणि रात्रंदिवस ताणलेल्या. थोड्या कुरतडल्या गेल्या तरी तटकन तुटतात. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे हे सगळं आत चालतं. बाहेरून पूल छान, राखाडी, गुळगुळीत दिसत राहतो. वरून बस जाते, बसमध्ये गाणी चालतात, आणि पोटात एकेक तार तुटत असते.

हे दुखणं एकट्या मांडवीचं नव्हतं बरं का. मुंबईकरांनो, तुमच्या ठाणे खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ साली सुरू झाला. त्याच्याही तारांना गंजानं गाठलं. तो पडला नाही, वेळेवर लक्षात आलं. त्याची डागडुजी करावी लागली आणि १९९० च्या दशकात शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. त्या काळात हे तंत्र आपल्याकडे नवंच होतं. खाऱ्या खाडीत ते कसं टिकेल, याचा पुरेसा अनुभव गाठीशी नव्हता.

आता एक मजा सांगतो. हा सोळा वर्षांचा पूल जिथं पडला, तिथून हाकेच्या अंतरावर एक पावणेचारशे वर्षांहून जुना पूल आजही उभा आहे! पणजीच्या पाटो भागातून रायबंदरकडे जाणारा तो रस्ता. मिगेल द नोरोन्य, म्हणजे लिन्यारिशचा काउंट, या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं तो १६३४ च्या सुमारास पुरा केला. म्हणून त्याला 'पोन्ते द लिन्यारिश' म्हणतात. पोन्ते म्हणजे पूल. लांबी तीन किलोमीटरहून अधिक! खरं म्हणजे हा नेहमीसारखा पूल नाही. मांडवीच्या काठच्या दलदलीतून, मिठागरांच्या कडेनं जाणारा जांभ्या दगडाचा लांबच लांब बांध आहे, आणि पाण्याला ये-जा करायला त्याला मध्ये मध्ये कमानी ठेवल्या आहेत. छत्रपती शिवाजी महाराज चार-पाच वर्षांचे असतील तेव्हाचं हे बांधकाम. त्यावरून अजून मोटारी जातात.

म्हणजे पोर्तुगीज हुशार आणि आपण वेडे? अजिबात नाही! असं म्हणणारी मोठी माणसं तुम्हांला भेटतील, "जुनं ते सोनं" म्हणून मान डोलावतील. त्यांना एवढंच विचारा की, मग त्यांनी हा पूल मांडवीच्या मधोमध का नाही बांधला? बांधणं शक्यच नव्हतं. दगडी कमानीत दगड दगडाला दाबून धरतो, ताणाचं नावच नाही. पोटात लोखंड नाही, म्हणजे गंजायला काही नाही. म्हणून ती टिकते. पण तिचे गाळे छोटे, पाय जवळजवळ. काठच्या उथळ दलदलीत ते चालतं. मुख्य नदीत पाणी खोल, तिथं असे पाय रोवणार कुठं? शिवाय मांडवीतून जहाजं जायची. पुढच्या काळात तर खाणींतलं लोहखनिज भरलेले अजस्र पडाव, ज्यांना इथं बार्ज म्हणतात, ते पुलाखालून मुरगावच्या बंदराकडे जायचे. त्यांना वाट द्यायची तर गाळे लांब आणि उंच हवेत, म्हणजे पोलाद आलं, आणि पोलाद आलं की गंजाशी लढाई आलीच. ती टाळता येत नाही. लढत राहावी लागते, इतकंच.

पुढची हकिगत थोडक्यात. १९९२ साली एक पूल आला, त्याच दशकात शेजारी दुसरा झाला. एकावरून जायचं, दुसऱ्यावरून यायचं. पण मोटारी इतक्या वाढल्या की दोन्ही पूल तुंबू लागले. मग या दोघांच्या मधून, त्यांच्या डोक्यावरून जाणारा तिसरा, उंच पूल उभा राहिला. हा अटल सेतू. जोडरस्ते धरून पाच किलोमीटरहून थोडा लांब. २७ जानेवारी २०१९ रोजी त्याचं उद्घाटन झालं. मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर तेव्हा खूप आजारी होते, नाकात नळी होती, तरी ते आले होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच ते गेले. हे पर्रीकर स्वतः मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले इंजिनिअर. आजारपणातही पुलावर यावंसं त्यांना का वाटलं असेल, हे मला त्यामुळे थोडं कळतं.

अटल सेतूवर तुम्हांला एक वेगळी गोष्ट दिसेल. रस्त्याच्या मधोमध उंच खांब आहेत आणि त्यांच्यापासून दोन्ही बाजूंना तिरक्या केबल निघाल्या आहेत, पंख पसरल्यासारख्या. रस्ता या केबलनी वरून तोलून धरला आहे. रात्री त्यांच्यावर रंगीत दिवे सोडतात आणि पर्यटक त्याचेच फोटो काढतात. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट आवडते. या केबल उघड्यावर आहेत, डोळ्यांसमोर आहेत. माणूस जवळ जाऊन त्या बघू शकतो.

बघणं हे सोपं काम नाही हं. पुलाची तपासणी करणारे लोक होडीतून पुलाखाली जातात, पाळण्यात बसून खांबांशी लटकतात. त्यांचं एक हत्यार अगदी साधं आहे, हातोडी! काँक्रीटवर ती टकटक वाजवत जायचं आणि कान देऊन ऐकायचं. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं काँक्रीट बदबद वाजतं. तुमची आजी बाजारात मडकं घेताना बोटानं वाजवून बघते, तस्संच. खांबाचा सगळ्यांत नाजूक भाग कुठला, सांगा बघू? पाण्याखालचा? नाही! भरतीला बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा पट्टा. तिथं मीठही मिळतं आणि हवाही, गंजाला दोन्ही आवडतात. उद्घाटनाच्या फितीचा फोटो पेपरात येतो, हातोडी वाजवणाऱ्याचा कधी येत नाही. पेपरवाल्यांनी कधीतरी छापायला हरकत नाही.

पणजीला गेलात तर अटल सेतूवरून जरूर जा, पण वरून पूल कधीच नीट कळत नाही. दुचाकीवरून जाणार असाल तर तसंही खालच्या पुलावरूनच जावं लागेल, वरच्या पुलावर दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश दिलेला नाही. पूल खरा बघायचा तर खालून, पाण्यावरून. आणि त्याची सोयही आहे. पणजी ते बेती फेरीबोट अजून चालते! तीन-तीन पूल झाले तरी तिनं आपलं काम सोडलेलं नाही. आईबाबांना घेऊन संध्याकाळी धक्क्यावर जा. शक्य असेल तर ओहोटीची वेळ साधा, म्हणजे खांबांवरचे ओले पट्टे उघडे पडलेले असतील. बरोबर दुर्बीण असेल तर फारच छान. पुलांच्या पोटाकडे, खांबांकडे बघा. कुठं तपकिरी ओघळ दिसतो का, ते शोधा.

फक्त एक करा. नदी पार व्हायला काही मिनिटंच लागतात आणि गर्दी बरीच असते. पणजीहून बेतीकडे जाताना पूल उजव्या हाताला येतात, तेव्हा फळी खाली पडली रे पडली की उजव्या कठड्याशी जागा धरा.